दुहेरी कॉइलचा सबवूफर: ओहमचा हिशेब आधी, वायर नंतर

गाडीसाठी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे बासचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, घेताना बहुतेकांची नजर वॅटच्या आकड्यावर जाते, कारण खोक्यावर तोच सगळ्यात मोठा छापलेला असतो. जोडणीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आकडा त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत असतो: ड्युअल ४ ओहम किंवा ड्युअल २ ओहम, म्हणजे आतल्या दोन कॉइलपैकी प्रत्येकीचा विजेला होणारा रोध. अ‍ॅम्प (सिग्नल वाढवून सबवूफरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) पूर्ण ताकदीने चालणार, निम्म्या ताकदीने रखडणार की गाणं रंगात आल्यावर प्रोटेक्टमध्ये (स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडण्याच्या स्थितीत) जाऊन गप्प होणार, हे तो आकडा आणि सबवूफरच्या चार टर्मिनलची जोडणी मिळून ठरवतात. म्हणून सबवूफर आणि अ‍ॅम्प वेगवेगळे निवडू नयेत. एकाची निवड दुसऱ्याच्या ओहमवरून व्हायला हवी.

दुहेरी कॉइल म्हणजे एकाच नळीवर गुंडाळलेल्या तारेच्या दोन स्वतंत्र कॉइल. दोन्ही एकाच चुंबकाच्या फटीत असतात आणि एकच कोन, म्हणजे सबवूफरचा पुढचा हलणारा पडदा, हलवतात. प्रत्येक कॉइलला स्वतःचा प्लस आणि स्वतःचा मायनस, म्हणून टर्मिनल चार. यामुळे आवाज एकेरी कॉइलपेक्षा चांगला येतो असा एक समज आहे, पण तो खरा नाही. दुहेरी कॉइलचा फायदा एवढाच की तोच सबवूफर तुम्ही दोन वेगळ्या ओहमवर जोडू शकता.

दोन जोडण्या, दोन आकडे

शाळेत एकसर आणि समांतर जोडणी शिकलो, तीच इथे आहे. गॅरेजमध्ये तिला सिरीज आणि पॅरलल म्हणतात, म्हणून पुढे हेच शब्द वापरतो.

पॅरललमध्ये दोन्ही कॉइलचे प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र, आणि मग त्या दोन जोड्या अ‍ॅम्पला. ओहम निम्मे होतात. ड्युअल ४ चे २ ओहम, ड्युअल २ चा १ ओहम.

सिरीजमध्ये अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला. पहिल्या कॉइलचा मायनस एका छोट्या वायरीने दुसऱ्या कॉइलच्या प्लसला. दुसऱ्या कॉइलचा मायनस अ‍ॅम्पच्या मायनसला. ओहमची बेरीज होते. ड्युअल ४ चे ८ ओहम, ड्युअल २ चे ४ ओहम.

आता एक मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, अ‍ॅम्प घेऊ, ज्याच्या माहितीपत्रकात ४ ओहमला ३०० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), २ ओहमला ५०० वॅट आरएमएस आणि किमान लोड (अ‍ॅम्पला जोडलेले एकूण ओहम) २ ओहम असं दिलं आहे. त्याला एक ड्युअल ४ सबवूफर पॅरललमध्ये जोडला तर २ ओहम होतात आणि अ‍ॅम्पची पूर्ण ताकद मिळते, प्रत्येक कॉइलला २५० वॅट. तोच सिरीजमध्ये जोडला तर ८ ओहम होतात आणि हाती साधारण १५० वॅट येतात. काही बिघडत नाही, पण घेतलेल्या अ‍ॅम्पचा बराच भाग वापराविना राहतो. याच अ‍ॅम्पला ड्युअल २ सबवूफर आणलात तर सिरीजमध्ये ४ ओहम होऊन ३०० वॅटवर थांबावं लागतं, आणि पॅरललमध्ये १ ओहम होतो, जो या अ‍ॅम्पला चालत नाही. म्हणजे २ ओहमच्या अ‍ॅम्पला एक सबवूफर लावायचा असेल तर ड्युअल ४ घ्यावा, आणि १ ओहम चालणाऱ्या अ‍ॅम्पला ड्युअल २.

किमान ओहमच्या खाली का जायचं नाही? अ‍ॅम्प वायरीच्या टोकांवर व्होल्टेज देतो. व्होल्टेज तेच आणि ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट होतो. करंट दुप्पट झाला की आतल्या ट्रान्झिस्टरच्या रोधात तयार होणारी उष्णता चौपट होते. चांगला अ‍ॅम्प प्रोटेक्टचा दिवा लावून बंद होतो, स्वस्तातला जळून बंद होतो. सुरुवातीला आवाज दणदणीत येतो, त्यामुळे जोडणी बरोबर आहे असंच वाटतं.

दुसरा सबवूफर लावायचा विचार असेल तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू. दोन सारखे सबवूफर म्हणजे चार कॉइल. चारही कॉइलला सारखी ताकद मिळायला हवी, ही अट पाळली तर तीनच पर्याय उरतात: सगळ्या पॅरलल, सगळ्या सिरीज, किंवा दोन्हींचं मिश्रण.

दोन ड्युअल ४ सबवूफरचे आकडे येतात १, ४ आणि १६ ओहम. दोन ड्युअल २ चे येतात ०.५, २ आणि ८ ओहम.

म्हणजे दोन ड्युअल ४ सबवूफरमधून २ ओहम कुठल्याही जोडणीने मिळत नाहीत. आज एक ड्युअल ४ पॅरललमध्ये २ ओहमवर छान वाजतो आहे आणि पुढच्या दिवाळीला तसाच दुसरा आणायचा आहे, तर त्या दिवशी अ‍ॅम्पला १ ओहम झेपायला हवा, नाहीतर ४ ओहमवर उतरावं लागेल. वरच्या उदाहरणातल्या अ‍ॅम्पवर ४ ओहमला एकूण ३०० वॅट, म्हणजे प्रत्येक सबवूफरला १५०. याउलट २ ओहमच्या अ‍ॅम्पवर दोन ड्युअल २ अगदी चपखल बसतात. एक लावायचा की दोन, हे पहिला सबवूफर घेण्याआधीच ठरवावं.

मिश्र जोडणी दोन तऱ्हांनी होते आणि ओहम दोन्हींत सारखेच येतात. आमची पसंती ही: प्रत्येक सबवूफरच्या स्वतःच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, आणि मग दोन सबवूफर एकमेकांना पॅरललमध्ये. असं केलं की दोन्ही सबवूफरना अ‍ॅम्पचं व्होल्टेज थेट मिळतं. एकाचा कोन हलताना त्याच्या कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो, त्याचा दुसऱ्याला त्रास होत नाही. एकाची कॉइल तुटली तरी दुसरा वाजत राहतो आणि बिघाड कुठे आहे ते लगेच कळतं.

ड्युअल ४ च्या जोडीला ड्युअल २, किंवा दहा इंचीच्या जोडीला बारा इंची लावू नका. कागदावर ओहम जुळवता येतील, पण ताकद असमान वाटली जाते आणि ज्याला जास्त मिळते तो आधी जळतो.

अ‍ॅम्पच्या बाजूने फसवणाऱ्या गोष्टी

बऱ्याच मोनो अ‍ॅम्पवर दोन प्लस आणि दोन मायनस असतात. ते पाहून वाटतं की हे दोन चॅनल आहेत: एका जोडीला एक कॉइल लावू, दुसरीला दुसरी, म्हणजे प्रत्येकीला ४ ओहम. तसं होत नाही. त्या जोड्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात आणि जास्त वायरी खोचायला सोपं जावं एवढ्यासाठीच दिलेल्या असतात. ड्युअल ४ च्या दोन कॉइल त्या दोन जोड्यांवर लावल्या तर ती साधी पॅरलल जोडणीच झाली आणि लोड २ ओहम झाला. ड्युअल २ असेल तर १ ओहम, आणि अ‍ॅम्प का तापतो हे कुणालाच कळत नाही.

दोन किंवा चार चॅनलच्या अ‍ॅम्पवर दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र करून, सबवूफर लावता येतो. तेव्हा एका चॅनलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस वापरतात, आणि कोणते ते अ‍ॅम्पवर रेषेने दाखवलेलं असतं. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोडचे निम्मे ओहम दिसतात. ४ ओहमचा सबवूफर ब्रिज केला की प्रत्येक चॅनल २ ओहमवर काम करतो. म्हणून असे अ‍ॅम्प साधे २ ओहम झेपवतात, पण ब्रिजमध्ये सहसा ४ ओहमच मागतात. इथे ड्युअल २ सिरीजमध्ये, किंवा दोन ड्युअल ४ मिश्र जोडणीत, हे उत्तर. ब्रिजमध्ये सबवूफरचा मायनस म्हणजे गाडीचा पत्रा नव्हे, त्यामुळे ती वायर बॉडीला कुठेही टेकू देऊ नका.

आणि एक कॉइल रिकामी ठेवून चालवायचा मोह टाळा. सबवूफर निम्मीच ताकद सोसतो आणि मोटर कमजोर पडल्याने बॉक्समधलं त्याचं वागणं बदलून बास सैल येतो. तात्पुरतं करावंच लागलं तर ती कॉइल उघडी सोडा. तिचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडले तर ती कोनाला ब्रेक लावते.

जोडल्यावर तपासणी, अ‍ॅम्प लावण्याआधी

दोन गोष्टी लागतात: साधा मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा सेल किंवा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२ ते ०.५ पर्यंत जे दिसेल ती मीटरच्याच वायरीची भर आहे, ती प्रत्येक मापातून वजा करायची. मग प्रत्येक कॉइल सुटी मोजा. ४ ओहमच्या कॉइलवर साधारण ३.२ ते ३.८ दिसतं. कॉइल खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. मीटर डीसी रोध दाखवतो आणि तो नाममात्र ओहमपेक्षा कमीच असतो. दोन्ही कॉइलचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. मोजताना कोन हलवू नका, आकडा उड्या मारतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या दोन टोकांवर पुन्हा मोजा. ड्युअल ४ पॅरललमध्ये १.६ ते १.९, सिरीजमध्ये ६.५ ते ७.६ च्या आसपास. भलताच आकडा आला तर अ‍ॅम्प लावायचा नाही.

पण मीटरला एक चूक कधीच दिसत नाही. दुसऱ्या कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले असतील तर ओहम अगदी बरोबर येतात. त्यासाठी सेल. सेलचा प्लस प्लसच्या टोकाला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोनाने बाहेर उडी मारायला हवी. आत गेला तर पूर्ण जोडणी उलटी आहे. जागचा हलला नाही किंवा जेमतेम थरथरला तर दोन कॉइल एकमेकींविरुद्ध ओढत आहेत. या अवस्थेत अ‍ॅम्प लावला तर आवाज नावापुरता येतो. कोन हलत नाही म्हणून थंड करणारी हवा फिरत नाही, उलटा व्होल्टेजही तयार होत नाही, आणि आलेली सगळी ताकद कॉइल तापवण्यात जाते. आवाज येत नाही म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. दोन सबवूफर असतील तर दोन्हींचे कोन एकाच वेळी बाहेर येतात ना, तेही बघा. एक बाहेर आणि एक आत असेल तर दोघे मिळून एकट्यापेक्षा कमी बास देतील.

वायरी आणि फ्यूज

५०० वॅटला २ ओहमवर सबवूफरच्या वायरीतून जवळजवळ १६ अ‍ॅम्पिअर जातात. घरातल्या स्पीकरची बारीक पारदर्शक वायर इथे चालत नाही. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, १ ओहमवर चालवणार असाल तर ४ ची. कॉइल जोडणारा छोटा तुकडाही त्याच जाडीचा हवा. बॉक्सच्या आत तो कोनाला किंवा कॉइलच्या लवचीक तारांना घासणार नाही असा बांधून टाका, नाहीतर बास लागला की खरखर ऐकू येते आणि दोष मात्र सबवूफरला दिला जातो.

बॅटरीकडून येणाऱ्या वायरीचा हिशेब वेगळा. क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ५०० वॅटसाठी तो ६२५ वॅट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ४५ अ‍ॅम्पिअर. पाच मीटर लांबीच्या ४ गेजच्या तांब्याच्या वायरीत, म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटरच्या, यामुळे ०.२ व्होल्टहून कमी पडतात. त्याहून बारीक ८ गेजमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे तीच घ्यायची तर एक माप मोठी घ्या. वायर कापल्यावर धागे आतून रुपेरी दिसले की ओळखावं.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो वायरीच्या संरक्षणासाठी आहे, अ‍ॅम्पच्या नाही. अपघातात किंवा पत्र्याच्या धारेवर वायर सोलली गेली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणी वाचवत नाही आणि गाडी पेटू शकते. फ्यूजचा आकडा अ‍ॅम्पवरच्या फ्यूजांच्या बेरजेइतका किंवा किंचित जास्त ठेवा, वायरीच्या क्षमतेपेक्षा जास्त कधीच नको. इंजिनकडून केबिनमध्ये येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या कड्यातूनच) आणा.

ग्राउंडची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरहून आखूड. डिकीतल्या पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून काढा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत उघडा सोडलेला ग्राउंड पावसाळ्यात गंजतो. मग अ‍ॅम्प मध्येच बंद पडू लागतो आणि लोक अ‍ॅम्प बदलतात. सीट बेल्टचा बोल्ट मात्र या कामासाठी उघडू नका.

१ ओहमचा हट्ट

ओहम निम्मे केले की ताकद जास्तीत जास्त दुप्पट होते. कानाला तो फरक ३ डेसिबलचा, म्हणजे जाणवेल एवढा, पण दुप्पट मोठा आवाज मुळीच नाही. त्यासाठी करंट वाढतो, अ‍ॅम्प जास्त तापतो, कार्यक्षमता घटते. छोट्या पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी बहुधा ३५ ते ४५ अ‍ॅम्पिअर-तासांची असते. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावत असतील तर तुमची मर्यादा ओहममध्ये नसून गाडीच्या वीजपुरवठ्यात आहे. कपॅसिटर लावून ती मिटत नाही. सबवूफरला लागणारे वॅट ४ किंवा २ ओहमवर मिळत असतील तर तिथेच थांबणं शहाणपणाचं. हवी ती ३ डेसिबलची वाढ योग्य मापाच्या, हवाबंद नीट बांधलेल्या बॉक्समधून अनेकदा फुकटात निघते.

असंही सांगितलं जातं की बॉक्समध्ये सबवूफरचे ओहम प्रत्यक्षात वाढतात, म्हणून अर्धा ओहम जोडला तरी चालतं. रेझोनन्सच्या, म्हणजे कोन ज्या स्वरावर सहज डोलतो त्याच्या, आसपास ते कित्येक पट वाढतात हे खरं, पण इतर स्वरांवर पुन्हा डीसी रोधाच्या जवळ उतरतात, आणि अ‍ॅम्प तिथे मार खातो.

गेन लावणे

गेन, म्हणजे अ‍ॅम्पवरचं फिरवायचं बटण, हा व्हॉल्यूम नाही. हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमच्या) सिग्नलवर अ‍ॅम्पने आपलं पूर्ण व्होल्टेज कधी गाठायचं, एवढंच तो ठरवतो. लागणारा आकडा वॅट आणि ओहमच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून मिळतो. ५०० वॅट, २ ओहम: गुणाकार १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. सबवूफर ३०० वॅट आरएमएसचाच असेल तर ३०० गुणिले २, म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५ व्होल्ट. मॅक्स किंवा पीक वॅटचे आकडे इथे घ्यायचे नाहीत.

सबवूफरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा. बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, गेन पूर्ण खाली. हेड युनिटचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीचा) टोन लावा. लो-पास फिल्टर (ठरलेल्या मर्यादेच्या वरचे स्वर अडवणारा) सध्या पूर्ण वर ठेवा, नाहीतर तो टोनच खाली खेचेल. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर धरा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू फिरवा. नंतर टोन बंद, वायरी परत, लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास. पोर्टवाला (हवेसाठी नळी असलेला) बॉक्स असेल तर सबसोनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) त्याच्या ट्यूनिंगपेक्षा, म्हणजे पोर्ट ज्या स्वरासाठी बांधला आहे त्यापेक्षा, थोडा खाली लावा. ३५ हर्ट्झचा पोर्ट असेल तर २८ ते ३०. ट्यूनिंगच्या खाली बॉक्समधली हवा कोनाला आवरत नाही आणि तो बेफाम हलून मोडतो.

पुढे कधी बास अचानक घटला तर जोडणी आठवा. पॅरललमध्ये एक कॉइल जळली तर सबवूफर वाजत राहतो, फक्त कमी. ड्युअल ४ च्या टोकांवर १.८ ऐवजी ३.६ च्या आसपास दिसेल. सिरीजमध्ये एक जळली तर पूर्ण शांतता आणि मीटरवर काहीच नाही. मग मधला तुकडा काढून दोन्ही कॉइल सुट्या मोजा, म्हणजे गेलेली कोणती ते कळेल. आकडे ठीक आले तर दोन्ही हातांनी कोन सगळीकडून सारखा दाबून बघा. आत खरवडल्यासारखं लागलं तर कॉइल तापून फुगली आहे किंवा नळी वाकली आहे, आणि अशा सबवूफरची कॉइल नव्याने बसवून घ्यावी लागते.